बारडोलीच्या फडात मिळालेला प्रेक्षक

दक्षिण गुजरातमधल्या बारडोलीहून कडोदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना ऊसच ऊस. दिवाळी सरली की या पट्ट्यात टोळ्या उतरतात. नंदुरबारच्या, धुळ्याच्या, डांगातल्या. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ लिहिला जातो. बाबेनच्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की थेट उन्हाळ्यापर्यंत ही माणसं फडाच्या आसपास पालं ठोकून राहतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. अंगावर आगाऊ घेतलेली उचल असते. ती फिटल्याशिवाय हलता येत नाही.

गेल्या हंगामात अशाच एका फडाच्या बांधावर मी दुपारभर बसलो होतो. नवापूर तालुक्यातला एक पंचविशीचा मुलगा भाकरी खाऊन हात पुसत शेजारी आला. मी लिहिणारा माणूस आहे हे त्याला कळलं होतं. त्याला एकच विचारायचं होतं: त्याच्या एका रीलकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही आणि दुसरी तीन जिल्ह्यांत फिरली, हे कसं काय?

पहिली रील त्याने अर्धा दिवस खर्चून केलेली. काळा चष्मा, ट्रॅक्टरच्या बॉनेटला टेकून उभा, मागे हिंदी सिनेमाचं गाणं आणि त्यावर हलणारे ओठ. रंग झळाळते, संपादन सफाईदार. दुसरी सहज काढलेली. फोन पाण्याच्या ड्रमला टेकवलेला. समोर त्याच्या बायकोचे हात. उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या वाढ्याची दोन टोकं एकमेकांत अडकतात, त्यांना पीळ बसतो, त्यावर ऊस रचला जातो, गुडघ्याचा दाब पडतो आणि एका हिसक्यात मोळी आवळली जाते. दोरी नाही, तार नाही. मग ती मोळी डोक्यावर घेऊन पाठमोरी फळीवरून ट्रॉलीत चढते. बावीस सेकंदांत सगळं संपतं. गाणं नाही, पाचटाची चरचर आणि लांबून कुणीतरी मारलेली हाक, एवढंच.

जाहिरातीला पैसे न भरता, फॉलोअर विकत न घेता, निव्वळ आपल्या व्हिडिओच्या जोरावर लोक जमवणं, याला ही मुलं ‘ऑर्गॅनिक’ वाढ म्हणतात. ती का होते, का अडते, याच्या भोवती पुष्कळ धुकं आहे. अमुक वाजता टाका, तमुक हॅशटॅग लावा, रोज तीन टाका, असे सल्ले मोबाइलच्या दुकानापासून पालापर्यंत फिरत असतात. त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. खरी यंत्रणा समजून घेतली तर ती बरीच साधी आहे, आणि माझ्या मते आशादायकही आहे.

पूर्वी सोशल मीडियावर आपल्याला दिसायचं ते ओळखीच्या माणसांनी टाकलेलं. ज्याच्या ओळखी जास्त, त्याचं जास्त दिसायचं. टिकटॉकने ही घडी मोडली. म्युझिकली हे अ‍ॅप ऑगस्ट २०१८ मध्ये त्यात विलीन झालं आणि ‘फॉर यू’ नावाचा पडदा घरोघर पोहोचला. या पडद्यावर कुणाचं काय येईल, ते आपण कुणाला फॉलो करतो यावर फारसं अवलंबून नव्हतं. जून २०२० मध्ये कंपनीने आपली शिफारस कशी चालते हे जाहीरपणे सांगितलं. त्यात दोन गोष्टी मोलाच्या होत्या. फॉलोअरची संख्या हा शिफारशीचा थेट निकष नाही. आणि पाहणाऱ्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तर ती आवडीची पक्की खूण धरली जाते. पुढे इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांनीही हीच वाट धरली.

आठवडी बाजारातला कलिंगडवाला आधी एक फोड कापून चार जणांपुढे धरतो. त्यांनी मान डोलावली की आजूबाजूचे सरकतात. रीलचं असंच चालतं. ती आधी थोड्या लोकांसमोर धरली जाते. त्यांनी बोट न सरकवता पाहिली, पुन्हा पाहिली, कुणाला पाठवली, तर आणखी मोठ्या घोळक्यासमोर. तिथेही टिकली तर त्याहून मोठ्या. एप्रिल २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जाहीर केलं की खातं लहान असो वा मोठं, पात्र ठरलेला व्हिडिओ आधी अशाच एका छोट्या प्रेक्षकवर्गाला दाखवला जाईल आणि त्यातले चांगले चाललेले पुढच्या पायरीवर जातील. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी तीन खुणा सर्वांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: किती वेळ पाहिलं, किती जणांनी लाइक केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. त्यात एक बारकावा आहे. आपले जे आधीपासूनचे फॉलोअर, त्यांच्यापर्यंत पोहोचायला लाइक जास्त कामाला येतात. अनोळखी माणसांपर्यंत पोहोचायचं तर ‘पाठवणं’ जास्त भारी पडतं.

मी त्या मुलाला दोन्ही रीलचे आकडे उघडायला सांगितले. चष्म्याच्या रीलला लाइक बऱ्यापैकी होते, सगळे गावच्या मित्रांचे. ती कुणी कुणाला पाठवली नव्हती. मोळीच्या रीलला पाहणाऱ्यांच्या मानाने लाइक कमी, पण पाठवणारे भरपूर. त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे होतं.

उरलेलं निम्मं उत्तर पहिल्या दोन सेकंदांत आहे, आणि त्यासाठी मला कडोदहून फार लांब जावं लागत नाही. तापीकाठचं हरिपुरा जवळच आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष होते आणि एक्कावन्न बैल जोडलेल्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली होती. या अधिवेशनासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांना चित्रं करायला सांगितलं. अधिवेशनाला येणार होती ती आसपासच्या खेड्यांतली साधी माणसं. ती चित्रासमोर हात मागे बांधून उभी राहणार नव्हती. गर्दीतून, धुळीतून, पोरं खांद्यावर घेऊन चालत जाणार होती. नंदलालांनी हे ओळखलं. हातकागदावर, मातीच्या रंगांत, जाड भरधाव रेषेत त्यांनी ढोल वाजवणारा, चांभार, कुस्तीगीर, भात कांडणाऱ्या बाया रंगवल्या. प्रत्येक चौकटीत एकच माणूस किंवा एकच काम, तेही चालू असलेलं. त्यांनी स्वतः केलेल्या चित्रांवरून शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या मंडळींनी प्रती केल्या आणि सुमारे चारशे फलक अधिवेशनाच्या नगरात लागले.

चालत्या माणसाचा डोळा कसा थांबवायचा, हा प्रश्न नंदलालांपुढे होता. तोच आज रील करणाऱ्यापुढे आहे. फरक इतकाच की आता माणूस जागेवर असतो आणि चित्रं पुढे सरकतात. ढोलकऱ्याच्या चित्रात ढोलाच्या इतिहासाची प्रस्तावना नाही. हात उगारलेला आहे, थाप पडायच्या बेतात आहे. मोळीच्या रीलमध्ये हेच झालं होतं. पहिल्याच क्षणी हात वाढ्याला पीळ देत होते. ‘नमस्कार मित्रांनो, माझ्या चॅनेलवर तुमचं स्वागत आहे’ असं कुणी म्हणालं नाही. पाहणाऱ्याच्या मनात आपोआप प्रश्न उभा राहिला: दोरीशिवाय ही बाई एवढा ऊस कसा काय बांधणार? उत्तर मिळेपर्यंत बोट थांबलं. उत्तर मिळालं ते इतकं झटकन, की नीट बघायला व्हिडिओ पुन्हा चालवावा लागला. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये तर किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी सरकवून टाकलं, हे करणाऱ्याला टक्क्यांत दिसतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने व्ह्यूजपेक्षा या आकड्याकडे आधी बघावं, असं मी आवर्जून सांगेन. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसती सुरू झाली तरी यूट्यूब तो एक व्ह्यू मोजतं, त्यामुळे मोठा दिसणारा आकडा पूर्वीइतका बोलका राहिलेला नाही.

आता ‘पाठवण्या’कडे येतो. हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे आणि बारडोलीला तो फार जुना माहीत आहे.

१९२७ मध्ये मुंबई सरकारने बारडोली तालुक्याचा शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १२ फेब्रुवारी १९२८ ला सारा न भरण्याचा ठराव झाला आणि वल्लभभाई पटेलांनी लढ्याची सूत्रं हाती घेतली. तालुक्यात शे-सव्वाशेच्या वर गावं, एका गावात काय चाललंय ते दुसऱ्या गावाला कळायला वेळ लागायचा, आणि सरकारची माणसं नेमकी याच फटीत शिरायची: अमक्या गावाने सारा भरला, तुम्हीच कशाला अडून बसता? त्यावर उपाय म्हणून सत्याग्रह पत्रिका निघाली. तिचं काम जुगतराम दवे पाहत. छावण्या-छावण्यांतून रोजच्या बातम्या मुख्य ठाण्यावर यायच्या, त्यांतून पत्रिका तयार व्हायची आणि स्वयंसेवकांच्या हातून गावोगाव जायची. अक्षरओळख थोड्यांनाच होती, म्हणून एक वाचायचा आणि ओटा भरून माणसं ऐकायची. जप्तीवाले येताना दिसले की ढोल किंवा शंख वाजायचा आणि घरांची दारं बंद व्हायची. म्हशी जप्त होऊ नयेत म्हणून लोक म्हशींसकट महिनोन्‌महिने दाराआड राहिले. वल्लभभाईंची भाषणं सगळी शेतकऱ्याच्या बोलीत, नांगर-बैल-बियाण्यांच्या दाखल्यांची. महादेवभाई देसाईंनी या लढ्याचा वृत्तान्त लिहून ठेवला, त्यामुळे हे तपशील आपल्यापर्यंत पोहोचले. ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या चौकशीत ती २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली.

ती पत्रिका माणसं पुढच्या गावाला का देत होती? कारण तिच्यात शेजारच्या गावाची खबर होती आणि ती खबर शेजाऱ्याला सांगण्याजोगी होती. माणूस काही पाठवतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चेहरा असतो. ‘हे माझ्या आईला दाखवलं पाहिजे.’ ‘हा बघ, आपला बापू अगदी असाच बोलतो.’ मोळीची रील कुणी पाठवली असेल, याचा अंदाज मला बांधता येतो. सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबं राहतात. यंत्रमागावर, साडीच्या कारखान्यांत, बाजारात ती कामाला आहेत. त्यांच्यातल्या कितींच्या तरी आयांनी कधी काळी मोळ्या बांधल्या असतील. त्या पोरांनी ती रील घरच्या ग्रुपवर टाकली.

म्हणून रील करायला बसताना ‘लोकांना काय आवडेल’ असं विचारू नये, असं मला वाटतं. लोक ही फार मोठी आणि धूसर गोष्ट आहे. एक माणूस धरावा. त्याचं गाव, त्याची बोली, तो ही रील कुणाला पाठवेल, इथपर्यंत विचार करावा. अहिराणीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. खानदेशातल्या कलाकारांनी आपल्याच माणसांसाठी, आपल्याच लग्नांसाठी गाणी केली आणि यूट्यूबवर चढवली. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणं पुढे पुण्या-मुंबईच्या शाळांच्या गॅदरिंगपर्यंत गेलं, आणि तिथे नाचणाऱ्या पोरांना ‘हाई’ म्हणजे ‘ही’ एवढंही ठाऊक नसेल. त्या गाण्याने पुणेरी व्हायचा प्रयत्न केला असता तर धुळ्यातही कुणी ऐकलं नसतं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे सत्तरी गाठल्यावर यूट्यूबवर आल्या. ‘आपली आजी’ हे त्यांचं चॅनेल २०२० मध्ये नातवाच्या मदतीने सुरू झालं. कारल्याच्या भाजीच्या व्हिडिओने त्यांना लाखो प्रेक्षक दिले. व्हिडिओ लांब, रील नव्हेत. तरी प्रेक्षक कसा वाढतो याचा धडा तोच. कारल्याची भाजी कुणी पाहिली नव्हती असं नाही. तो आवाज, तो घरचा मसाला आणि ‘बाळा’ म्हणून समजावण्याची ती पद्धत कुठल्याही हॉटेलच्या स्वयंपाकघरात मिळाली नसती.

एवढं सांगूनही सातत्याशिवाय गाडं पुढे जात नाही. एक रील चालते तेव्हा नवे लोक खात्यावर येतात आणि खाली सरकवून बघतात: हा माणूस नेहमी काय करतो? त्यांना तिथे मोळी, मग काळा चष्मा, मग कुणाचा तरी उचललेला विनोद, मग मोबाइलची जाहिरात दिसली, तर ते निघून जातात. मी त्या मुलाला म्हटलं, फडावरची कामं मोज. कोयत्याला धार लावणं, बुडख्याशी तोडणं, वाढं वेगळं करणं, मोळी, ट्रॉलीची रचाई, पालातली चूल, पहाटेचा अंधार, गावाकडून आलेला फोन. एका हंगामाला पुरेल इतकं त्याच्याजवळ होतं. आठवड्याला दोन केल्या आणि हंगामभर थांबला नाही, तर बास. रोज तीन करायच्या नादात चांगल्या रीलचा जीव जातो आणि माणूस थकतो.

आडवाटांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांत मुलांचे पैसे आणि उमेद दोन्ही जातात. विकत घेतलेले फॉलोअर रील पाहत नाहीत. म्हणजे फोड ज्यांच्यापुढे धरली त्यांना जीभच नाही, आणि कलिंगड गाडीतच राहतं. ‘तू मला फॉलो कर, मी तुला करतो’ हाही तोच प्रकार. दुसऱ्यांचे व्हिडिओ उचलून टाकणाऱ्यांना इन्स्टाग्रामने २०२४ पासून शिफारशीतून काढायला सुरुवात केली आणि मूळ करणाऱ्याला वर आणायचं ठरवलं. दुसऱ्या अ‍ॅपची छाप असलेला व्हिडिओ तिथे आणून टाकला तर त्याची शिफारस कमी होते, हे तर २०२१ पासूनचं आहे. शॉर्ट्सच्या जाहिरातींतून पैसे मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज लागतात. हा आकडा ऐकून तो मुलगा गप्प झाला. मला ते बरं वाटलं. या वाटेवर येणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी ठाऊक असावा, म्हणजे कुणी उचल घेऊन महागडा फोन घेणार नाही.

आणि एक गोष्ट बारडोलीत उभं राहून सांगावीच लागते. जप्ती म्हणजे काय, हे या मातीला माहीत आहे. २९ जून २०२० च्या रात्री भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि टिकटॉक गेलं. त्याचे भारतात सुमारे २० कोटी वापरणारे असल्याचं तेव्हा सांगितलं जात होतं. बंदीची कारणं देशाच्या सुरक्षेची होती, त्यावर इथे काही म्हणायचं नाही. पण खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या कित्येक मुलांचा वर्ष-दोन वर्षं जमवलेला प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. जुलैमध्ये भारतात रील्स आल्या, सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स, आणि सगळ्यांना पुन्हा शून्यापासून लागावं लागलं. सुमन आजींचं चॅनेलही त्याच वर्षी हॅक झालं होतं. सुदैवाने काही दिवसांत परत मिळालं. प्रेक्षक आपला असला तरी जमीन दुसऱ्याची आहे. म्हणून मूळ व्हिडिओ स्वतःजवळ ठेवावेत, एकाच अ‍ॅपवर विसंबू नये, खात्याला दुहेरी कुलूप लावावं आणि जे खरोखर जिवाभावाने पाहतात त्यांच्याशी अ‍ॅपच्या बाहेरही ओळख ठेवावी.

माझ्या मनात मात्र त्या दुपारी दुसरंच काही घोळत होतं. १९२८ ची पत्रिका जमीन असलेल्या शेतकऱ्यांची होती. त्यांच्याच शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे दुबळा समाजातले हाळी, कर्जापोटी मालकाच्या दावणीला बांधलेले, त्या बातम्यांत क्वचितच बोलताना दिसतात. पुढे ऊस आला आणि तोडायला खानदेशातून माणसं आणली गेली. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी साठच्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या या मजुरांवर आयुष्यभर लिहिलं आणि पालातल्या जगण्याची नोंद ठेवली. त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलं. आता पहिल्यांदा पाण्याच्या ड्रमला टेकवलेला फोन त्यांचा स्वतःचा आहे. काय दाखवायचं आणि काय नाही, ते तीच माणसं ठरवतायत. मोळीच्या रीलमध्ये चेहरा का नाही, असं मी विचारलं तेव्हा उत्तर बायकोने दिलं. ‘हात दाखव, तोंड नको,’ असं तिने आधीच बजावलं होतं. नवऱ्याने ते ऐकलं. इतक्या सगळ्या सल्ल्यांत ही गोष्ट मी सर्वांत वर ठेवेन: समोरच्या माणसाला विचारल्याशिवाय कॅमेरा सुरू करायचा नाही, आणि घरचं माणूस असेल तर नक्कीच नाही.

उन्हं कलली तशी मुकादमाची हाक आली. मुलगा उठला, पण त्याच्या बायकोने फोन मागून घेतला. मोळीच्या रीलखाली बीडकडच्या कुणा बाईने लिहिलं होतं की आम्ही पीळ उलटा देतो, मग ट्रॉलीत मोळी सुटत नाही. सोबत तिने तिची स्वतःची रील जोडली होती. बायकोने ती तीनदा पाहिली. मग फोन पाचटावर उपडा ठेवला, शेजारून दोन वाढी उचलली आणि उलटा पीळ देऊन बघायला लागली.